झांबियाचं कर्ज, लंडनचा कायदा आणि आपण: ब्रिटनमधल्या मराठी मंडळींसाठी मोहिमेची वाट

नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये आलेली आपली मंडळी मला बऱ्याचदा विचारतात, की आफ्रिकेतल्या देशाचं कर्ज माफ व्हावं म्हणून मिडलंड्समधल्या गावात बसून तुम्ही नेमकं करता काय? त्याचं काही होतं का?

होतं. झांबियाने परदेशी बाजारात विकलेले कर्जरोखे इंग्लंडच्या कायद्याखाली काढलेले आहेत. म्हणजे उद्या एखाद्या फंडाने झांबियावर दावा ठोकला, तर तो झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, चालणार नाही, लंडनच्या हायकोर्टात चालेल. त्या कोर्टाने किती वसूल करू द्यायचं हे वेस्टमिन्स्टरमध्ये बसलेले खासदार ठरवू शकतात आणि त्यातला एक खासदार तुमचा आहे. म्हणून हे काम परोपकाराचं नाही, नागरिकत्वाचं आहे, अगदी हातात भारतीय पासपोर्ट असला तरी. मी इथल्या एका स्थानिक गटात हे काम करत आलोय. त्यातून जे कळलं ते क्रमाने मांडतो.

1. आधी कर्जाची कुंडली समजून घ्या

'गरीब देशांची कर्जं माफ करा' एवढंच म्हणून रस्त्यावर उतरलात, तर पहिल्याच प्रश्नाला अडखळाल. एक देश निवडा आणि त्याची गोष्ट तोंडपाठ करा. झांबियाची अशी आहे.

तांब्याचे भाव पडले, व्याजदर चढले आणि विसावं शतक संपेपर्यंत हा देश कर्जात बुडाला. एचआयपीसी, म्हणजे अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठीची योजना, 1996 मध्ये सुरू झाली होती. झांबियाने तिच्या अटी एप्रिल 2005 मध्ये पूर्ण केल्या आणि पुढच्या वर्षी जागतिक बँक व नाणेनिधीच्या कर्जातही मोठी सूट मिळाली. सुमारे 700 कोटी डॉलरचं परदेशी कर्ज 100 कोटींच्या खाली आलं. 1 एप्रिल 2006 पासून ग्रामीण भागातल्या सरकारी दवाखान्यांतली फी बंद झाली. माफीने काय होतं असं कुणी विचारलं, तर ही तारीख सांगा.

पण मधल्या काळात एक वेगळाच प्रकार घडला. झांबियाने 1979 मध्ये ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रं घ्यायला रुमानियाकडून कर्ज काढलं होतं. ते थकलं. 1999 मध्ये डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीने तो कर्जाचा कागद रुमानियाकडून सुमारे 33 लाख डॉलरना विकत घेतला आणि पुढे लंडनच्या कोर्टात झांबियावर सुमारे साडेपाच कोटी डॉलरचा दावा लावला. 2007 मध्ये कोर्टाने सुमारे 1 कोटी 55 लाख डॉलर देण्याचा हुकूम केला. बाकीचे धनको सूट देत असताना ही कंपनी मात्र वसुली करून मोकळी झाली. अशा फंडांना इथे 'गिधाड फंड' म्हणतात.

त्यानंतर 2012, 2014 आणि 2015 मध्ये झांबियाने अनुक्रमे 75, 100 आणि 125 कोटी डॉलरचे रोखे विकले. चीनकडूनही मोठी कर्जं घेतली. नोव्हेंबर 2020 मध्ये, कोविडच्या ऐन भरात, 4 कोटी 25 लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला आणि देश थकबाकीदार ठरला. सरकारी धनकोंशी, म्हणजे ज्या देशांनी कर्ज दिलं त्यांच्याशी, 630 कोटी डॉलरच्या पुनर्रचनेचा, म्हणजे कर्ज फेडायच्या अटी नव्याने ठरवण्याचा, समझोता व्हायला जून 2023 उजाडला. रोखेधारकांशी नोव्हेंबर 2023 मध्ये झालेला करार सरकारी धनकोंनीच अडवला, कारण रोखेधारक आपल्या बरोबरीने सूट देत नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. तो विषय 2024 मध्ये मिटला. त्याच वर्षी 29 फेब्रुवारीला झांबियाने दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली होती. मका वाळत होता आणि वाटाघाटी चालूच होत्या.

'मग आता काय उरलं?' असं कुणी म्हणेल. उरलंय ते हे, की पुढच्या देशालाही याच वाटेने जावं लागतं. इथिओपियाने डिसेंबर 2023 मध्ये रोख्यांचा हप्ता चुकवला. अशा नव्या कर्जांसाठी खाजगी धनकोंना, म्हणजे फंड आणि बँकांना, बांधणारा कायदा मात्र अजून नाही.

2. मागणी एकच ठेवा आणि ती कोण पूर्ण करू शकतो ते शोधा

या मोहिमांत मी पाहिलेली सगळ्यात मोठी गळती इथेच होते. एका पत्रकात कर्जमाफी, हवामान बदल, व्यापाराचे नियम, मदतनिधीतली कपात असं सगळं भरलं, की वाचणारा मान डोलावतो आणि काहीच करत नाही.

आमची मागणी दोन वाक्यांत बसते: एखाद्या गरीब देशाच्या कर्जाची पुनर्रचना जी-20 च्या कॉमन फ्रेमवर्कखाली, म्हणजे गरीब देशांच्या कर्ज पुनर्रचनेसाठीच्या त्यांच्या सामायिक चौकटीत, ठरली असेल, तर खाजगी धनकोला इंग्लंडच्या कोर्टातून सरकारी धनकोंपेक्षा जास्त वसूल करता येऊ नये. तसा कायदा करा.

हे हवेतलं नाही. ब्रिटनच्या संसदेने एकदा असाच कायदा केलेला आहे, 2010 चा डेट रिलीफ (डेव्हलपिंग कंट्रीज) अ‍ॅक्ट. अँड्र्यू ग्विन या खासदाराने ते विधेयक मांडलं होतं. वाटेत सभागृहात 'ऑब्जेक्ट' एवढा एक शब्द उच्चारून ते अडवलंही गेलं. निवडणुकीआधी संसद बरखास्त होता होता ते पार पडलं. आधी ते एकाच वर्षापुरतं होतं, 2011 मध्ये कायमचं झालं. त्यातली मेख ही, की तो कायदा एचआयपीसी देशांच्या जुन्या कर्जांनाच लागू होतो. झांबियाचे 2012 नंतरचे रोखे त्यात येत नाहीत. आपल्याला नवं काही शोधायचं नाही, त्या कायद्याची व्याप्ती वाढवायची आहे. खासदारासमोर हा मुद्दा फार उपयोगी पडतो.

3. झांबियाच्या लोकांच्या मागे उभे राहा, पुढे नको

लुसाकातलं जेझुइट सेंटर फॉर थिऑलॉजिकल रिफ्लेक्शन ही संस्था अनेक वर्षं एका कुटुंबाला महिन्याला लागणाऱ्या गरजेच्या वस्तूंचा खर्च मोजून प्रसिद्ध करते. मक्याचं पीठ, कपेंटा नावाची वाळवलेली बारीक मासळी, भाज्या, तेल, कोळसा, घरभाडं, सगळं त्यात येतं. कर्जमाफीची झांबियातली मोहीमही याच संस्थेच्या पुढाकाराने उभी राहिली. आमच्या टेबलावर आम्ही याच यादीचा ताजा महिना मोठ्या अक्षरांत छापून लावतो आणि शेजारी शिक्षकाचा पगार. लोक थांबतात ते त्या यादीपाशी. अब्जांचे आकडे वाचायला कुणी थांबत नाही.

तुमच्या गावात झांबियन कुटुंबं असतातच, विशेषतः नर्सिंगमध्ये. त्यांना भेटा, पण पहिल्याच भेटीत 'व्यासपीठावर बोलाल का' असं विचारू नका. त्यांच्या चर्चमध्ये जा, आधी ऐका. कुणाला आपल्या देशाचं नाव भिकाऱ्यासारखं घेतलं गेलेलं आवडत नाही आणि ते रास्तच आहे. रडणाऱ्या मुलांचे फोटो पत्रकावर छापू नका.

4. स्वतःचे हक्क आणि मर्यादा तपासा

- मतदान: भारतीय नागरिक कॉमनवेल्थ नागरिक म्हणून, इथे राहण्याची वैध परवानगी असेल तर, ब्रिटनच्या संसदीय निवडणुकीतही मत देऊ शकतात. आपल्यातल्या निम्म्या लोकांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. नॅशनल इन्शुरन्स नंबर घेऊन मतदार यादीत नाव नोंदवा. ऑनलाइन काही मिनिटांचं काम आहे.
- सही: संसदेच्या ई-याचिकेवर ब्रिटिश नागरिक किंवा ब्रिटनमध्ये राहणारी कुणीही व्यक्ती सही करू शकते. वर्क व्हिसा असला तरी चालतं.
- व्हिसा: शांततेने मोहीम चालवणं कायदेशीर आहे. पण रस्ता अडवणं, आवारात घुसणं असल्या प्रकारांपासून लांब राहा. शिक्षा किंवा पोलिसांची अधिकृत ताकीद झाली, तर व्हिसाच्या पुढच्या अर्जात ती लिहावी लागते.
- नोकरी: बँकेत, फंड कंपनीत किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या आयटी कंपनीत असाल, तर जाहीर वक्तव्यांबद्दलचे नियम आधी वाचा. ऑफिसात कळलेली माहिती मोहिमेत वापरायची नाही. कधीच नाही.

5. गट बांधा, पण मंडळाचं नाव जपून वापरा

पाच-सहा माणसं पुरतात. एकाकडे आकडे, एकाकडे खासदाराचा पत्रव्यवहार, एकाकडे टेबल आणि पत्रकं. चर्च, मशीद, गुरुद्वारा, कामगार संघटना, विद्यापीठातला गट यांच्याशी जोडून घ्या. ज्युबिली 2000 ही ब्रिटनमधून उठलेली कर्जमाफीची मोठी मोहीम कील विद्यापीठातले प्राध्यापक मार्टिन डेंट आणि निवृत्त राजदूत बिल पीटर्स यांनी रुजवली, आणि ती वाढली ती मुख्यतः चर्चच्या मंडळींमुळे.

आपली बरीच मंडळं आणि देवळं इथे धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली आहेत. अशा संस्थेला आपल्या उद्देशाला धरून कायद्यात बदल मागता येतो, पण कुठल्याही पक्षाची बाजू घेता येत नाही. संस्थेचा उद्देश 'मराठी संस्कृतीचं जतन' एवढाच असेल, तर कर्जमाफीची मोहीम तिच्या नावावर चालवणं अडचणीचं ठरतं. विश्वस्तांना विचारल्याशिवाय मंडळाचं बोधचिन्ह पत्रकावर टाकू नका. गणेशोत्सवात एक टेबल लावायची परवानगी मागा, तेवढं पुष्कळ. निवडणूक जवळ आली असेल, तर निवडणूक आयोगाचे खर्चाचे नियमही पाहून घ्या.

6. प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा

मराठी माणसाला कर्जमाफीचा वाद नवा नाही. 'माफ केलं की फेडायची सवय मोडते' हे वाक्य तुम्हाला टेबलावर पहिल्या तासात ऐकायला मिळेल. चिडू नका. मी त्यांना सुप्याची आठवण करून देतो. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी उठले, सावकारांच्या घरांतले कर्जखतांचे कागद त्यांनी बाहेर काढून जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. त्यानंतर आलेल्या 1879 च्या डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्टने कोर्टाला अधिकार दिला, की फक्त खतावरचा आकडा पाहू नका, व्यवहार पहिल्यापासून तपासा. आपल्याकडे दामदुपटीचा नियमही होता: थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त वसूल करता येत नाही. कर्ज फेडावं, हे खरंच. पण वसुलीलाही मर्यादा असते, हे आपल्या समाजाने आणि ब्रिटिशांच्या कायद्यानेही मानलेलं आहे. डोनेगलने 33 लाख डॉलरना घेतलेल्या कागदावर त्याच्या सोळापटीहून जास्त मागणं कुठल्या न्यायात बसतं? हे ऐकल्यावर आपली माणसं वाद घालत नाहीत असं नाही, पण वादाचा सूर बदलतो.

'नेते पैसे खातात.' खातात तिथे जाब विचारायला हवा, आणि तो झांबियातले लोकच विचारतात. 2022 मध्ये तिथे सार्वजनिक कर्जाचा नवा कायदा झाला, त्याने सरकारच्या वार्षिक कर्ज योजनेला संसदेची मंजुरी लागू केली. शिवाय कर्ज घेणाऱ्याची चौकशी करताना देणाऱ्याने काय पाहून दिलं, हेही विचारा.

'रोखे घेणाऱ्यांचं नुकसान का करायचं?' 2012 च्या रोख्यांवर व्याज 5.375 टक्के होतं, 2014 चं 8.5, आणि 2015 चं 8.97. एवढा दर मिळत होता तो बुडण्याची जोखीम होती म्हणूनच. जोखमीची किंमत आधी घ्यायची आणि जोखीम खरी ठरली की पूर्ण पैसे मागायचे, हे दोन्ही चालत नाही.

'सगळं चीनचं कर्ज आहे.' सरकारी धनकोंत चीन सगळ्यात मोठा होता, हे बरोबर. पण त्याने 2023 च्या समझोत्यात भाग घेतला. आणि बीजिंगचा कायदा आपल्या हातात नाही, लंडनचा आहे.

7. याचिका

ई-याचिकेसाठी तुम्ही आणि पाठिंबा देणारे पाच जण लागतात. मथळ्यातली मागणी 80 अक्षरांत बसवावी लागते, म्हणून पायरी 2 आधी. याचिका सहा महिने खुली राहते. 10,000 सह्यांवर सरकार लेखी उत्तर देतं, 1,00,000 वर चर्चेचा विचार होतो. आपल्यासारख्या गटाने 10,000 चं लक्ष्य ठेवावं. ते लेखी उत्तर हातात आलं, की पुढचं सगळं काम त्याच्या आधाराने करता येतं.

इथले खड्डे: संसद विसर्जित झाली की सगळ्या ई-याचिका बंद पडतात. तशीच मागणी आधीपासून चालू असेल तर तुमची नाकारली जाते, म्हणून आधी शोधा. आणि कागदावरच्या सह्या ई-याचिकेत मिळवता येत नाहीत. कागदी याचिका हा वेगळा मार्ग आहे. तुमचा खासदार ती सभागृहात मांडतो, किंवा अध्यक्षांच्या खुर्चीमागे लटकवलेल्या पिशवीत टाकतो. तिची भाषा ठरावीक साच्यातली असावी लागते, म्हणून सह्या गोळा करण्याआधी खासदाराच्या कार्यालयाकडून मसुदा तपासून घ्या.

सह्यांसोबत ईमेल घेत असाल, तर 'पुढची माहिती पाठवू का' असा वेगळा रकाना ठेवा. ज्याने तिथे खूण केली नाही, त्याला मेल पाठवायचा नाही. भरलेले कागद गाडीच्या मागच्या सीटवर टाकून फिरू नका.

8. खासदाराला भेटा

ही पायरी सगळ्यात मोलाची, आणि लोक तिलाच घाबरतात. खासदार आपल्या मतदारसंघात ठरावीक दिवशी लोकांना भेटतात, त्याला 'सर्जरी' म्हणतात. वेळ घेऊन जा. खासदार फक्त आपल्याच मतदारसंघातल्या माणसाचं काम घेतात, म्हणून ईमेलमध्ये पहिल्या ओळीतच तुमचा पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड लिहा. शंभर जणांनी पाठवलेल्या एकाच छापाच्या मेलपेक्षा तुमच्या शब्दांतल्या दहा ओळी जास्त वाचल्या जातात.

सोबत न्यायचे कागद:

- एक पानाची टिपणी: मागणी, 2010 च्या कायद्याचा संदर्भ, झांबियाची पाच ओळींत गोष्ट
- जागतिक बँकेच्या कर्ज-आकडेवारीतलं झांबियाचं ताजं पान
- मतदारसंघातल्या सह्यांची संख्या (नावं नकोत, फक्त आकडा)
- शक्य असेल तर मतदारसंघातच राहणारी झांबियन व्यक्ती

वेळ जेमतेम दहा-पंधरा मिनिटांची मिळते. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि नेमकं मागा: 'ट्रेझरीला हा प्रश्न लेखी विचाराल का? उत्तर आलं की आम्हाला पाठवाल का?' सहानुभूती घेऊन परत येऊ नका, कबुली घेऊन या. खाजगी विधेयकांची, म्हणजे सरकारऐवजी एखाद्या खासदाराने मांडायच्या विधेयकांची, सोडत संसदेच्या प्रत्येक अधिवेशनाच्या सुरुवातीला होते, वीस नावं निघतात. तुमच्या खासदाराचं नाव निघालं तर हे विधेयक घेईल का, हे आधीच विचारून ठेवा. नाव निघाल्यावर त्याच्या दारात रांग लागते.

9. पेन्शन फंडाला विचारा

स्थानिक कौन्सिलच्या पेन्शन फंडाला माहिती अधिकाराखाली अर्ज करा: तुमच्याकडे कोणत्या देशांचे सरकारी रोखे आहेत, कुठल्या फंड व्यवस्थापकामार्फत, आणि कर्ज पुनर्रचनेत भाग घेण्याबद्दल त्यांना काय सूचना दिल्या आहेत? 20 कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न तीनच ठेवा, तारीख घाला. 'सर्व माहिती द्या' असं लिहिलंत, तर खर्च जास्त होतो म्हणून अर्ज नाकारला जातो.

10. रस्त्यावर

एका जागी उभं राहून निदर्शनं करायला सहसा आगाऊ कळवावं लागत नाही, पण मोर्चा काढायचा तर पोलिसांना सहा दिवस आधी लेखी कळवावं लागतं. धर्मादाय आणि राजकीय पत्रकं वाटायला सहसा परवाना लागत नाही, तरी शॉपिंग सेंटरची जागा खाजगी असते, तिथे परवानगी घ्या.

16 मे 1998 ला बर्मिंगहॅममध्ये जी-8 परिषद होती. ज्युबिली 2000 मोहिमेच्या सुमारे 70,000 माणसांनी हातात हात धरून साखळी केली. नेते त्या दिवशी स्टॅफर्डशरमधल्या वेस्टन पार्कला गेलेले होते, म्हणजे ज्यांना दाखवायचं तेच शहरात नव्हते. तरीही साखळी झाली, आणि टोनी ब्लेअर यांना परतल्यावर मोहिमेच्या लोकांना भेटावं लागलं. पुढच्या वर्षी कोलोनच्या परिषदेत 100 अब्ज डॉलरच्या कर्जमाफीचं आश्वासन आलं, आणि पुढे मोहिमेच्या जगभरातल्या सह्या 2 कोटी 40 लाखांच्या वर गेल्या. त्या साखळीच्या मागे दोन वर्षं गावोगावच्या सभागृहांत, चहाच्या थर्मासशेजारी झालेल्या छोट्या बैठका होत्या. आठ माणसं आली म्हणून बैठक फसली असं समजू नका.

11. सरकारचं 'नाही' आल्यावर

पहिलं उत्तर बहुधा असं येतं: सरकारला गरीब देशांची काळजी आहे, पण कायद्यापेक्षा रोख्यांच्या करारातली बहुमताची कलमं, म्हणजे बहुसंख्य रोखेधारकांनी मान्य केलेली सूट सगळ्यांना बांधील करणारी कलमं, हा चांगला उपाय आहे. हे पत्र फाइलला लावून गप्प बसलात, तर आतापर्यंतची मेहनत वाया गेली. बहुमताच्या कलमाला साधारण 75 टक्के रोखेधारकांची संमती लागते. म्हणजे एखाद्या फंडाने पाव हिश्शाहून थोडे जास्त रोखे स्वस्तात उचलले, की तो सगळा व्यवहार अडवू शकतो. शिवाय बँकांच्या साध्या कर्जांत अशी कलमं सहसा नसतातच. या दोन मुद्द्यांचं उत्तर सरकारने दिलेलं नाही, एवढंच लिहून ते पत्र दोन आठवड्यांच्या आत खासदाराकडे परत पाठवा, आणि पुढच्या सर्जरीची वेळ त्याच मेलमध्ये मागून घ्या.